तीन नंबरचा पाय

रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी आमचं गाणं पूर्ण ऐकलं नाही. अर्धं ऐकलं, आणि त्यातलंही अर्धं ते फोनवर बोलत होते. मग त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे. तुमचा ड्रमर लंगडतो."

"तो बसून वाजवतो," आमचा गिटारवाला लांब्या म्हणाला.

"वाजवणं लंगडतं. चार ठोके सरळ पडत नाहीत त्याचे. तिसरा उशिरा येतो, मीटिंगला मोठा साहेब येतो तसा. ड्रमर बदला, मग या."

ड्रमर समोरच बसला होता, मांडीवर काड्या घेऊन. आम्ही त्याला ठोक्या म्हणतो. तो दिवसाला आठ-दहा शब्दांवर भागवतो, आणि त्यातले दोन-तीन "हं" असतात. त्याच्या वाटचं बोलायचं काम कोकिळा करते. कोकिळा म्हणजे माझी मावसबहीण, आमची गायिका. नाव कुणीतरी टोमणा म्हणून पाडलं आणि तेच चिकटलं. ती गायला लागली की खडीच्या ट्रकचं फाळकं उघडल्यासारखं वाटतं.

"साहेब," ती उठून म्हणाली, "चष्मा पुसलात तसे कधी कानही पुसत जा."

आणि आम्ही चौघं, ती, लांब्या, ठोक्या आणि बेस गिटार घेऊन मी, रस्त्यावर आलो.

त्यानंतर आणखी दोन कंपन्या झाल्या. दुसरीनेही तिसऱ्या ठोक्याचंच दुखणं सांगितलं. तिसरीने पत्र पाठवलं. ते छापील होतं. "आपला गायक बदलावा" असं वाक्य होतं, त्यातला "गायक" पेनाने खोडून वर "ड्रमर" लिहिलं होतं. म्हणजे त्यांनी ऐकलं तरी होतं, एवढं समाधान. त्याच आठवड्यात लांब्याच्या आईच्या गॅरेजमध्ये, जिथे आम्ही सराव करायचो, तिथे बरण्यांची एक अख्खी फळी खाली आली. तिने काचा भरल्या, आम्हाला चहा पाजला आणि चहा संपायच्या आत गॅरेजला कुलूप लावलं.

मग मी ताईकडे गेलो. माझ्या ताईची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलचे पडदे, बड्या लोकांचे कोट. पुढे काउंटर, मागे लांबट खोली, खोलीत ओळीने तीन मशिनी. तिसरी तेव्हा नवीकोरी आली होती, अजून तिच्या दारावरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं.

"मागची खोली वापरा," ताई म्हणाली. "पण शेजारी दातांचा डॉक्टर आहे. तो बिचारा पेशंटच्या तोंडात ड्रिल घालून उभा असतो. त्याला मशीनच्या आवाजाची सवय आहे, तुमच्या नाही. म्हणून मशीन चालू असेल तोवरच वाजवायचं. मशीन थांबली की थांबायचं. एक ठोका जरी जास्त पडला तर चौघांना एक नंबरमध्ये टाकून साबण सोडीन."

"गाणं अर्ध्यात असेल तर?"

"मग अर्ध्या मशीनएवढी गाणी करा, बाळा."

ती बाळा म्हणाली की विषय संपलेला असतो.

जागा इतकी चिंचोळी होती की लांब्याला वाजवताना कोपर खिडकीबाहेर काढावं लागायचं. ठोक्याचा सरंजाम मांडायला तर तीन नंबर आणि भिंत यांच्यामधली बोळकंडीच तेवढी उरली. तिकडे इस्त्रीचं टेबल असल्यामुळे त्याचा पायाने वाजवायचा मोठा ड्रम थेट तीन नंबरच्या पुढच्या डाव्या पायाला टेकला. "बसतंय ना?" ताईने विचारलं. "हं," ठोक्या म्हणाला. झालं.

अशी पाच वर्षं गेली. या पाच वर्षांत आमची गाणी तीन नंबरनेच घडवली. मशीन आधी कपडे सावकाश घुसळते, म्हणून आमची गाणी सावकाश सुरू व्हायची. मग ती थांबते आणि पाणी सोडते. त्याला बरोबर चाळीस सेकंद लागतात, तेवढा वेळ आम्हीही हात वर धरून उभे. मग ती पिळायला लागते आणि आम्ही सुटायचो. घोंगड्या असल्या तर गाणं जड, उशांचे अभ्रे असले तर गाणं हलकं. आमचं एक फार दर्दभरं गाणं हॉस्पिटलच्या पडद्यांचं आहे. त्यातला दर्द पडद्यांच्या वजनाचा.

आणि कधीतरी तीन नंबर लंगडायला लागली. पिळताना ती धाड, धाड म्हणायची, मग जरा दम खायची, मग धुक आणि पुन्हा धाड. कधीपासून, ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. मशीनचे वाढदिवस कोण लिहून ठेवतो? ठोक्या तिच्याबरोबर तंतोतंत वाजवायचा. इतका, की डोळे मिटले तर कोण कोणतं ते कळायचं नाही. शेवटी आम्ही सगळेच म्हणायला लागलो की ठोक्याला ठेका मशीनने दिला. तोही तेच म्हणायचा.

"ती वाजवते," एकदा तो म्हणाला. "मी तिच्या मागून जातो."

त्या दिवसाचे शब्द त्याने त्यातच खर्चले.

या लंगडण्याचा खरा त्रास एकाच माणसाला होता, माझ्या भाऊजींना. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना वाकडं काही बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी आधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात, मग बसतात. तीन नंबरचा आवाज आला की त्यांच्या एका डोळ्याची पापणी फडफडायची.

"अगं, नुसता तासाभराचा खेळ आहे," ते ताईला म्हणायचे. "पान्हा लावतो आणि सोडतो."

"अहो, कपडे धुतेय ना ती? मग हात लावायचा नाही. मागच्या वेळी मिक्सर नीट केलात, तो अजून बंद होत नाहीये."

आमचं नशीब फिरलं ते लांब्याच्या मोज्यामुळे.

गावात एक मोठा परदेशी बँड आला होता. त्यांचे स्टेजवरचे पांढरेशुभ्र सहा सूट ताईकडे धुवायला आले. तीन नंबरमध्ये गेले. लांब्याला सरावाला बसताना मोजे काढायची सवय आहे, आणि काढलेली वस्तू तो कुठे फेकतो याचा हिशोब त्याला आजवर लागलेला नाही. गाणं पिळण्यावर आलं तेव्हा मशीनच्या काचेत मला हिरवं दिसलं. ठोक्यालाही दिसलं. बटण त्याच्या कोपराशी होतं. पण गाणं त्या दिवशी असं जमलं होतं की काय सांगू. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून काचेकडे बघायचं बंद केलं.

गाणं संपलं तेव्हा दारात एक ठेंगणी बाई उभी होती. दोन हातांत दोन फोन, तिसरा खांद्याने कानाला दाबलेला. त्या परदेशी बँडची ती मॅनेजर. सूट न्यायला आली होती. ताईने मशीनचं दार उघडलं. सहाच्या सहा सूट कोवळ्या पालकाच्या रंगाचे झाले होते.

ताईने एक सूट उजेडात धरून बघितला. बाई सूटकडे बघत राहिली, मग आमच्याकडे.

"हे वाजवत होतं कोण?" तिने विचारलं.

"आम्ही," कोकिळा म्हणाली. "आणि मशीन."

"ऐका. आज आमच्याआधी जे वाजवणार होते त्यांची गाडी हायवेवर बंद पडलीय. संध्याकाळी सातला तुम्ही स्टेजवर पाहिजे. आलात तर या पालकाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि नाही आलो तर?" लांब्याने विचारलं. त्याला असले प्रश्न पडतात.

"तर तिघांनाही फोन लावते," ती म्हणाली. ते तिघं कोण, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

ठोक्या मशीनशिवाय वाजवणार नाही म्हणाला. हट्ट नव्हता तो, भीती होती. म्हणून भाऊजींनी लिफ्टच्या साखळ्या आणून तीन नंबर टेम्पोत चढवली. नुसती रिकामी फिरवली तर तिचा ठेका येत नाही, म्हणून आत तेच हिरवे सूट भरले. निवेदकाला आमचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने मशीनला अडकलेली लॉन्ड्रीची पावती उचलली आणि तळाला जे छापलं होतं ते माइकवर वाचलं, "आता ऐकू या, डाग निघण्याची हमी नाही."

तेव्हापासून आमच्या बँडचं नाव "हमी नाही" आहे.

पहिल्या गाण्यात लोक आपापसात बोलत होते. मग मशीन थांबली, पाणी सोडायला लागली, आणि आम्ही सवयीने हात वर धरून उभे राहिलो. चाळीस सेकंद. लोकांना वाटलं वीज गेली. मग वाटलं आम्ही गाणं विसरलो. तिसाव्या सेकंदाला तर अख्खं मैदान श्वास धरून आमच्यासाठी शरमत होतं. आणि मग तीन नंबर पिळायला लागली, धाड, धाड, दम, धुक, आणि ठोक्या तिच्यासकट त्यांच्या अंगावर गेला. त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन दुसऱ्या दिवशी पेपरांनी केलं. एका समीक्षकाने त्या चाळीस सेकंदांवर दोन रकाने लिहिले. त्यात माणसाच्या जगण्यातली पोकळी वगैरे होती. ताईने ते कापून मशीनच्या पाणी सोडायच्या नळीवर चिकटवलं.

मग आम्ही अकरा देश केले. तीन नंबरने पण. एका देशात कस्टमच्या माणसाने फॉर्मवर "आणण्याचे कारण" विचारलं. कोकिळेने "वादन" लिहिलं. त्याने आम्हाला चार तास बसवलं, मग म्हणाला, वाजवून दाखवा. दाखवलं. त्याने स्वतःचं जॅकेट आत टाकून दुसरं गाणं मागितलं. एका देशात पाणी इतकं जड होतं की गाणं चार मिनिटं लांबलं आणि लोकांना तेच जास्त आवडलं. एका विमानतळावर मशीन उघडली तर आत कुणाचे तरी तीन पायजमे आणि एक टॉवेल निघाला, स्वच्छ धुतलेला. शोच्या बाहेर पोरं हिरवे मोजे घालून रांगा लावायला लागली. लांब्या आता स्वतःचा मोजा कुठे गेला म्हणून शोधत नाही, कुणीतरी तो लिलावात काढलेला असतो.

आणि मग साहेब आले.

तेच चष्म्याचे साहेब. आमचा सगळ्यात मोठा शो होता, समुद्रापलीकडच्या एका शहरात, वीस हजार लोक. ताई आणि भाऊजींनाही आम्ही बोलावून घेतलं होतं. साहेब दुपारी हॉटेलवर आले, आमची गाणी जगभर काढायचा करार घेऊन. "तुमच्यातलं वेगळेपण मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," ते म्हणाले.

कोकिळेने करार वाचायला घेतला. ती असले कागद मोठ्याने वाचते, म्हणजे लिहिणाऱ्याला लाज वाटावी. "बँडचे सदस्य," ती वाचायला लागली, "गायिका एक. गिटार एक. बेस गिटार एक. धुलाई यंत्र एक." मग तिने पान उलटून मागे बघितलं. "साहेब, एक माणूस राहिलाय."

"राहिला नाही," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "विचार करा. ठेका कुणाचा? मशीनचा. तो एकदा रेकॉर्ड करून ठेवला की कायमचा आपला. मशीन आणि ड्रमर, दोघं एकच काम करतात. त्यातल्या एकाला विमानात खिडकी लागते."

मी म्हणालो, जमणार नाही. लांब्याने कराराचं विमान करायला घेतलं. कोकिळेने साहेबांना काय म्हटलं ते राहू द्या. पण ठोक्या कोपऱ्यातून म्हणाला, "सही करा."

"डोकं फिरलंय का तुझं?" कोकिळा म्हणाली.

"खरं आहे ते. ठेका तिचाच आहे. मी मागून जातो. माझ्यासाठी तुमचं कशाला अडवायचं?" त्याने काड्या टेबलावर ठेवल्या, दोन्ही सारख्या जुळवून. "आजचा वाजवतो. मग तुम्ही बघा."

वीस-पंचवीस शब्द झाले. इतक्या वर्षांत मी त्याला एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. साहेब म्हणाले, शो झाल्यावर सही घेतो, आणि बिस्किटाची प्लेट जवळ ओढली.

संध्याकाळी स्टेजच्या मागे पोहोचलो तर भाऊजी मशीनपाशी हात पुसत उभे. बाही वर, पायाशी हत्यारांची पेटी, चेहऱ्यावर असा आनंद की जसं कुणीतरी त्यांना बाराव्या मजल्यावरून सुखरूप खाली आणलंय.

"झाली," ते म्हणाले. "दुपारभर इथेच होतो. अरे, वीस हजार लोकांपुढे आपल्या घरची मशीन लंगडणार? मला शोभतं का ते? आता बघ, लोण्यासारखी चालते. नळीही सरळ केली, पाणीसुद्धा बारा सेकंदांत सोडते."

त्यांनी बटण दाबलं. तीन नंबर फिरायला लागली. आवाज असा, की मांजर झोपेत कूस बदलतंय.

"अहो," ताई एवढंच म्हणाली.

पडद्यापलीकडे वीस हजार लोक "हमी नाही, हमी नाही" करत होते. त्या क्षणी ते नाव मला फारच नेमकं वाटलं.

पडदा वर गेला. ठोक्या बसला. त्याने मशीनकडे अशा नजरेने बघितलं, जसं शाळेतल्या जिवलग मित्राने रस्त्यात ओळख दाखवली नाही. मशीन घुसळत होती, गुपचूप. आम्ही सुरू केलं, सावकाश भाग निघून गेला. मग ती थांबली, आम्ही हात वर केले. बारा सेकंदांत तिचं पाणी सोडून झालं आणि ती आपली मऊ मऊ पिळायलाही लागली. मी लांब्याकडे बघितलं, लांब्याने कोकिळेकडे, कोकिळेने ठोक्याकडे. वीस सेकंद. आत कधी जायचं हे सांगणारं आता कुणीच नव्हतं. ठोक्याने मान खाली घातली होती. त्याचे ओठ हलत होते. तिसावा. पस्तिसावा. साहेब स्टेजच्या कडेला हातात पेन घेऊन उभे होते.

चाळिसाव्याला ठोक्याने मान वर केली आणि मारला. धाड. धाड. आणि मग तो तिसरा, मीटिंगला मोठा साहेब येतो तसा, आपल्या वेळेने आला. धुक. आणि पुन्हा धाड.

लोकांना काहीही कळलं नाही. म्हणजे त्यांना कळण्यासारखं काही बदललंच नव्हतं. वीस हजार डोकी तिसऱ्या ठोक्यासाठी एकदम दम खात होती आणि एकदम खाली येत होती. ठोक्या सबंध शोभर मशीनकडे वळून बघायचं विसरला. शेवटच्या गाण्याआधीच तिचे कपडे धुऊन झाले होते आणि ती बंद पडून होती. ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शो संपल्यावर साहेब तडक भाऊजींकडे गेले. "मशीन पूर्वीसारखी करून द्या. मला तो ठेका रेकॉर्ड करायचाय."

"कशी करणार?" भाऊजी म्हणाले. "ती बिघडलेलीच नव्हती."

"म्हणजे?"

भाऊजींनी खिशातून एक लोखंडी वस्तू काढली. मशीनचा पाय. एका बाजूने पार झिजलेला, दाढ किडल्यासारखा. "आतलं सगळं उघडून बघितलं. नवी आली तेव्हा होतं तसं ठणठणीत. फक्त पुढचा डावा पाय हा असा. म्हटलं, हा एकच कसा झिजला? मग हा पोरगा कुठे बसतो ते आठवलं." त्यांनी ठोक्याकडे बोट केलं. "पाच वर्षं रोज तिच्या पायावर ड्रम आपटतोय. दोन ठोके सरळ, तिसरा उशिरा. झिजला पाय. तिला काय कळतंय, तीही तशीच चालायला लागली."

मला एकदम ते ऑफिस आठवलं, ते चष्मा पुसणं, "तुमचा ड्रमर लंगडतो". तेव्हा तर तीन नंबर आमच्या आयुष्यातही नव्हती.

ठोक्याने भाऊजींच्या हातून तो पाय घेतला. उलटा केला, सुलटा केला. झिजलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"हा माझा आहे?" त्याने विचारलं.

"नाहीतर कुणाचा?" भाऊजी म्हणाले. "वाटोळं केलंस एका चांगल्या मशीनचं."

ठोक्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दात बरे आहेत त्याचे. शेजारच्या डॉक्टरची कृपा असावी.

साहेबांनी तिथेच करारात "धुलाई यंत्र" खोडून पेनाने वर "ड्रमर" लिहिलं. खोडून वर लिहायची पद्धत त्या धंद्यात सगळीकडे सारखीच दिसते. कोकिळेने ते खालून वर सरकवून पहिल्या ओळीत लिहायला लावलं, ठळक अक्षरांत, आणि सोबत "विमानात खिडकी" असं कलमही घालून घेतलं. मग आम्ही सह्या केल्या. सगळ्यात आधी ठोक्याने केली. त्याच्या सहीतही तिसरं अक्षर जरा मागे राहतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

तीन नंबर ताईबरोबर परत गेली. "माझ्या चादरी साठल्यात," ती म्हणाली, "जगप्रसिद्धी तुमची तुम्ही बघा."

आता आम्ही दौऱ्यांवरून आलो की सराव तिथेच करतो. मागची खोली तेवढीच आहे, लांब्याचं कोपर अजून खिडकीबाहेर असतं, पण खाली रस्त्यावर लोक त्याचे फोटो काढतात. दातांच्या डॉक्टरने खिडकीकडची खुर्ची फक्त ओळखीच्या पेशंटसाठी राखून ठेवली आहे. ताईने तीन नंबरच्या पुढे फरशीवर खडूने जाड रेघ मारली आहे.

"रेघेच्या अलीकडे तू," तिने ठोक्याला बजावलं, "पलीकडे माझी मशीन. तिला पुन्हा काही शिकवलंस तर याद राख."

"हं," ठोक्या म्हणाला, आणि ड्रम चार बोटं मागे घेतला.

आम्ही मशीन सुरू व्हायची वाट बघत उभे राहिलो, सवयीने. ताईने आमच्याकडे बघितलं.

"आता काय तिचं तोंड बघताय?" ती म्हणाली. "तो बसलाय ना. करा सुरू."